शिव्या घरच्यांसाठी राखीव

नोव्हेंबरमधल्या एका गुरुवारी माझी बायको शैला गेली. त्यानंतरच्या मंगळवारी शेजारच्या कुमुदमावशींनी मला 'निनीहॅमर' म्हटलं.

मी तेव्हा ड्राइव्ह-वेमध्ये उभा राहून गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतो. मिशिगनमधल्या ॲन आर्बरमध्ये नोव्हेंबर संपता संपता हे रोजचं काम होऊन बसतं. त्यासाठी प्लास्टिकचं एक खरवडणं मिळतं. ते आमच्या घरात कुठे असतं हे शैलाला माहीत होतं. मला उलथनं सापडलं. थालीपीठ उलटायचं.

"अरे निनीहॅमर!" पलीकडच्या ड्राइव्ह-वेमधून आवाज आला. "उलथन्याने काच खरवडतोस? ओरखडे पडतील ना, बाप्पा!"

मी थबकलो. एक तर त्या मला अरे-तुरे करत होत्या. इतकी वर्षं मी, अनंत सबनीस, त्यांच्या लेखी 'अहो सबनीस' होतो. आणि वर तो शब्द. शैला गेल्यापासून माझ्याशी कोणी मोठ्याने बोललंच नव्हतं. महाराष्ट्र मंडळातली माणसं डबे घेऊन येत, हलक्या आवाजात बोलत, जाताना दार इतकं हळू ओढून घेत की ते उघडंच राही. मी आमटीत साखर घातली असती तरी "असू दे, असू दे" म्हणाले असते. आणि इथे अठ्ठ्याहत्तर वर्षांची एक बाई, लाल कोट आणि लोकरीची कानटोपी घालून, हातातलं खरवडणं नाचवत मला भर रस्त्यात वेड्यात काढत होती.

त्या संध्याकाळी मी मोठी डिक्शनरी उघडली. शैला गेल्यानंतर उघडलेलं ते पहिलं पुस्तक. निनीहॅमर म्हणजे मूर्ख. शब्द सोळाव्या शतकातला. त्यातलं 'निनी' बहुधा 'इनोसंट'वरून आलेलं, म्हणजे भोळा, निरागस. पुढचा हॅमर कुठून आला याबद्दल डिक्शनरीने हात वर केले होते.

दुसऱ्या दिवशी मी हे त्यांना सांगायला गेलो. दार उघडताच त्या म्हणाल्या, "बघितलास शब्द? बघशील असं वाटलंच होतं. बस, चहा टाकते. शैला साखर किती घालायची ते नको सांगू, तुला किती हवी ते सांग."

मला ते सांगता आलं नाही. त्यांनी साखरेचा डबाच पुढे ठेवला.

कुमुदमावशी मूळच्या नागपूरच्या. यजमान मोटारींच्या एका कंपनीत इंजिनियर होते, ते जाऊन बराच काळ लोटला. मावशींनी इथल्या विद्यापीठाच्या लायब्ररीत, पुस्तकांचे कॅटलॉग करायच्या विभागात, निवृत्त होईपर्यंत नोकरी केली. त्यामुळे त्यांच्या शिवीलाही कॅटलॉगची शिस्त होती. आधी शब्द, मग शतक, मग तो कोणत्या मुलखातून आला, आणि शेवटी तो कशाचा बनलेला आहे. हे शेवटचं त्यांना सर्वांत महत्त्वाचं वाटे. इंग्रजांनी मूर्ख माणसाचं डोकं निरनिराळ्या वस्तूंचं बनवून पाहिलं होतं, आणि मावशींकडे त्या सगळ्या मालाची माहिती होती.

"ब्लॉकहेड म्हणजे काय माहीत आहे? टोपीवाल्याच्या दुकानात लाकडाचं डोकं असतं ना, टोप्या मांडायला, ते. बीटलहेड म्हणजे किडा नव्हे रे. बीटल म्हणजे लाकडाचं जड धोपटणं, धुणं धोपटायचं. क्लॉडपोल म्हणजे ढेकळाच्या डोक्याचा. आणि तुझ्यासारखा जो गॅसवर दूध ठेवून वाचत बसतो तो ॲडलपेटेड. ॲडल म्हणजे नासलेलं अंडं. वरून सगळं ठीक असतं."

साधा 'फूल' हा शब्दसुद्धा त्या साधा राहू देत नसत. मूळ लॅटिन, अर्थ लोहाराचा भाता. नुसती हवा. मी एकदा शेअर बाजाराबद्दल माझं मत त्यांना जरा विस्ताराने ऐकवलं. त्यांनी फक्त दोन्ही हातांनी भाता चालवल्यासारखं केलं आणि भाजी परतायला उठल्या.

'सॅडलगूस' हा त्यांचा विशेष आवडता. बदकावर खोगीर चढवायला निघालेला माणूस. हा किताब मला मिळाला तो मी फर्निचरच्या दुकानातून आणलेलं पुस्तकांचं कपाट सूचना न वाचता जोडलं तेव्हा. कपाट उभं राहिलं, पण दारं आतल्या बाजूला उघडू लागली. मावशी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या आणि बराच वेळ कौतुकाने बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सॅडलगूस. चौदाव्या शतकापासून तुझी वाट बघत होता रे हा शब्द."

मी विचारलं, "मावशी, हे सगळं इंग्रजीतच कशाला? आणि तेही इतकं जुनं?"

"मराठीत म्हटलं की माणूस दुखावतो," त्या म्हणाल्या. "आजच्या इंग्रजीत म्हटलं की वकील गाठतो. चारशे वर्षांपूर्वीचं म्हटलं की डिक्शनरी गाठतो. तूच नाही का गाठलीस?"

त्यांच्या गुडघ्यासाठी मी त्यांना डॉक्टरकडे घेऊन जात असे. डॉक्टर तरुण होता, अमेरिकन, फार सालस. सगळ्या तपासण्या करून तो एक दिवस प्रामाणिकपणे म्हणाला, गुडघा का दुखतो हे मला खरंच माहीत नाही. मावशी खूश झाल्या. त्याच्या हातावर थोपटून म्हणाल्या, "डॉक्टर, यू आर ॲन इग्नोरेमस." म्हणजे अडाणी. मी आमचे कोट उचलले. पण त्यांनी तिथेच त्याला सांगितलं की हा मुळात कोर्टातला शब्द. पूर्वी इंग्लंडमध्ये पंचांपुढे आरोप यायचा आणि पुरावा पुरेसा नसला की पंच त्यावर लॅटिनमध्ये लिहायचे, 'आम्हाला माहीत नाही.' माणूस सुटायचा. "किती निरपराध लोक वाचले असतील या शब्दाने," मावशी म्हणाल्या. पुढच्या भेटीत डॉक्टरने दारातूनच "युअर इग्नोरेमस इज हिअर" अशी हाक दिली. नर्स माझ्याकडे बघू लागली. मी छताकडे बघितलं.

हळूहळू माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मावशी ज्यांना खरोखर मूर्ख समजत, त्यांना त्या कधी काही म्हणत नसत. त्यांच्याशी त्या अतिशय गोड बोलत.

मंडळाच्या अध्यक्षांचंच बघा. गणपतीत आरती झाल्यावर, पोरं भुकेने रडकुंडीला आलेली, मोदक झाकून ठेवलेले, अशा वेळी अध्यक्षांनी मंडळाच्या वाटचालीवर स्लाइड्स दाखवायला सुरुवात केली. पार्किंगच्या प्रश्नावरच कितीतरी स्लाइड्स होत्या. संपल्यावर मावशी मुद्दाम त्यांच्यापाशी गेल्या. "फारच सुंदर हं! किती मुद्देसूद! अजून बोलायला हवं होतंत." अध्यक्ष विरघळले. पुढच्या वर्षी ते अजून बोलले.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "मावशी, त्यांना एखादं ढेकूळ-बिकूळ म्हणायचंत ना."

"त्यांना? ते काय माझ्या घरचे आहेत?"

म्हणजे नियम असा होता. शिव्या घरच्यांसाठी राखीव. परक्यांना कौतुक.

त्यावर मला आमच्याच गतकाळाची चिंता वाटू लागली. शैला आणि मी त्यांच्या शेजारी इतकी वर्षं राहत होतो, आणि "वा, काय सुरेख लॉन ठेवलंय हो सबनीस" याखेरीज आमच्या वाट्याला काही आलं नव्हतं. मी ते बोलून दाखवलं.

"तुम्ही दोघं एकमेकांना पुरेसे होतात," त्या म्हणाल्या. "तिसऱ्याने कशाला तोंड घालायचं?"

या नियमात एकच गोष्ट बसत नव्हती. मिलिंद.

मिलिंद हा मावशींचा एकुलता एक मुलगा. पन्नाशीचा, कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर. लहानपणी आईवडिलांबरोबर इथे आला, इथेच वाढला. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येई. मावशी फोन स्पीकरवर ठेवून भाजी निवडत बसत, त्यामुळे मी समोर असलो की सगळं ऐकू येई.

"हाय आई. इज धिस अ गुड टाइम?"

"येस, येस, मिलिंद. थँक यू फॉर कॉलिंग. हाऊ इज एव्हरीबडी?"

"एव्हरीबडी इज गुड. हाऊ इज युअर रिस्ट?"

"मच बेटर. थँक यू फॉर आस्किंग."

दोन देशांचे राजदूत बोलत असावेत तसं ते चाले. आधी हवामान, मग तब्येत, मग परस्परांचे आभार. मला 'ढेकळाच्या डोक्या' म्हणून हाक मारणारी ही बाई पोटच्या पोराशी बोलताना वाक्याच्या दोन्ही टोकांना 'थँक यू' लावत असे. आणि त्यांचाच नियम लावायचा तर याचा अर्थ फार वाईट निघत होता.

मनगटाची भानगड अशी, की शैला गेली त्याच हिवाळ्यात मावशी स्वतःच्या ड्राइव्ह-वेमध्ये बर्फावरून घसरल्या आणि मनगट मोडलं. तेव्हापासून मिलिंद त्यांना क्युपर्टिनोला येऊन राहा म्हणत होता. तिथे बर्फ नाही, घर मोठं, वेगळी खोली, सून चांगली. मावशी थेट नाही म्हणत नसत. आधी म्हणाल्या, ट्युलिपचे कंद लावलेत, ते उगवू देत. मग म्हणाल्या, लायब्ररीचं पुस्तक परत करायचं आहे. मग उन्हाळ्यात विमानात फार गर्दी असते म्हणाल्या. मिलिंद प्रत्येक वेळी म्हणे, "नो प्रेशर, आई. टोटली युअर डिसिजन."

माझा यात स्वार्थ होता. त्या गेल्या तर मी कोणाकडे जाऊन बसणार होतो? तरीसुद्धा त्यांना वरच्या मजल्यावर जाताना कठडा धरून थांबताना मी बघत होतो. शैला गेल्यानंतरच्या दुसऱ्या जानेवारीत एक दिवस त्या गोळाभात करत असताना मी धीर करून विचारलं.

"मावशी, जात का नाही मिलिंदकडे?"

त्यांनी बेसनाचा गोळा वळता वळता उत्तर दिलं. "तिथे जाऊन मी पाहुणी होईन. पाहुणी म्हणून राहायचं आणि पाहुणी म्हणूनच मरायचं, हे मला जमणार नाही."

"आईला कोणी पाहुणी म्हणतं का?"

"म्हणत नाही. वागवतं. मीही त्याला तसंच वागवते. आम्ही फार वर्षांपूर्वी सुरू केलं, आता थांबता येत नाही."

मग त्यांनी सांगितलं.

मिलिंद सहा वर्षांचा असताना ते इथे आले. घरात मावशी त्याला 'बह्याड' म्हणत. नागपूरकडे बह्याड म्हणजे मूर्ख, येडपट; पण ते शब्दकोशात. घरात त्याचा अर्थ वेगळा असतो. मावशींना त्यांची आई तेच म्हणायची, आईला तिची आई. "ऊठ रे बह्याडा, जेव रे बह्याडा, झोप आता बह्याडा." मिलिंदला आपलं दुसरं नाव ते आहे असंच वाटायचं.

पहिलीच्या वर्गात एके दिवशी बाईंनी मुलांना विचारलं, तुम्हाला घरी लाडाने काय म्हणतात? एकाला 'बडी' म्हणत, एकीला 'पंपकिन'. मिलिंदने अभिमानाने हात वर केला आणि सांगितलं, 'बह्याड'. बाईंनी अर्थ विचारला. पोराचं इंग्रजी नवीन होतं. त्याने विचार केला आणि नुकताच मैदानावर शिकलेला शब्द सांगितला. इडियट. वर खुलासा केला की आई रोज सकाळी म्हणते, आणि रात्री थोपटताना पण म्हणते.

दुसऱ्या दिवशी मावशी आणि त्यांचे यजमान शाळेच्या काउन्सेलरसमोर बसले होते. बाई भली होती, मावशी म्हणाल्या. टेबलावर टिशूचा डबा होता. तो डबा तिने हळूच मावशींच्या बाजूला सरकवला. मग तिने एकेक शब्द सुटा करून समजावलं, की मुलाला सतत असं म्हटलं तर त्याला ते खरं वाटू लागतं. मावशींना सगळं इंग्रजी कळत होतं. त्यांना उत्तर देता येत नव्हतं. बह्याड या शब्दात जे होतं ते टेबलावर काढून कसं दाखवायचं? यजमान नव्या नोकरीत, नव्या देशात. ते नुसते मान डोलावत होते. "इट विल नॉट हॅपन अगेन," ते म्हणाले.

"आणि नाहीच झालं," मावशी म्हणाल्या. "शब्द दिला होता ना. त्या दिवशी तो शाळेतून आला आणि दारात उभा राहिला. रोज मी म्हणायची, 'ये रे बह्याडा.' तो वाट बघत होता. मी म्हटलं, 'कम इन, मिलिंद.' तेव्हापासून आम्ही एकमेकांशी फार नीट वागतो."

गोळे वाफेवर ठेवून त्यांनी हात धुतले.

"त्या पोरीला घरी भोपळा म्हणत होते रे," त्या एकदम म्हणाल्या. "भोपळा! तिच्या आईला कोणी बोलावलं नाही."

मी हसलो आणि मग हसू की नको ते कळेना. त्या स्वतः मात्र मनसोक्त हसल्या.

ज्या शब्दासाठी आपल्याला बोलावणं आलं तो शब्द आहे तरी काय, हे बघायला मावशी दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या लायब्ररीत गेल्या. इडियट. मूळ ग्रीक. अर्थ, गावच्या सभेबिभेत न जाता आपल्या घरापुरतं बघणारा माणूस. "म्हणजे पोराने माझं भाषांतर अगदीच चुकीचं नव्हतं केलं," त्या म्हणाल्या. "घरचा माणूस." मग त्या पुढच्या शब्दाकडे गेल्या, मग त्याच्या पुढच्या. 'सिली' म्हणजे पूर्वी चक्क देवाचा आशीर्वाद मिळालेला, सुखी. 'ओफ' म्हणजे पऱ्यांनी माणसाच्या पाळण्यात ठेवून दिलेलं त्यांचं बाळ. 'डन्स' म्हणजे डन्स नावाच्या गावच्या एका मोठ्या पंडिताचे चेले. काळ बदलला, चेले बदलले नाहीत, म्हणून मठ्ठ ठरले. मावशी रोज त्या जाडजूड डिक्शनरीपाशी उभ्या असायच्या. शेवटी तिथल्या मुख्य बाईंनीच विचारलं, इतक्या येता तर नोकरी करता का?

"सगळे शब्द पाहिले, अनंता. मूर्खासाठीच्या शब्दांत मला एकही दुष्ट माणूस सापडला नाही. लाकूड, अंडं, बदक, भाता. बिचारी गरीब मंडळी सगळी. हे मला त्या काउन्सेलरला सांगायचं होतं. पण मला तेवढं इंग्रजी येईपर्यंत ती निवृत्त झाली."

"आणि मिलिंदला?"

"त्याला काय सांगायचं? तो इतका शहाण्यासारखा वागतो माझ्याशी."

फेब्रुवारीत मिलिंद स्वतः आला. परतीचं विमान रविवारचं होतं, तोवर हो की नाही ते ठरवायचं होतं. नाही म्हणायचं, असं मावशींनी आधीच ठरवून मला सांगून ठेवलं होतं. शुक्रवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं, बहुधा साक्षीदार म्हणून.

मिलिंद उंच, पुढे थोडं टक्कल पडलेला, आवाजाने फार मऊ. त्याचं मराठी सहाव्या वर्षी जिथे थांबलं होतं तिथेच होतं. आईच्या घरात तो पाणी घ्यायच्या आधीसुद्धा "मे आय?" विचारत होता.

"आई, वुई वुड लव्ह टू हॅव यू. बट ओन्ली इफ यू आर कम्फर्टेबल."

"थँक यू, मिलिंद. इट्स व्हेरी काइंड. बट ओन्ली इफ इट इज कन्व्हीनियंट फॉर यू पीपल."

"नो नो, इट्स अबाउट यू."

"नो नो, यू आर सो बिझी."

मी दोघांच्या मध्ये बसून वरण-भात जेवत होतो आणि टेनिसची मॅच बघितल्यासारखी मान वळवत होतो. एकमेकांना इतकी वाट करून देत होती ही माणसं, की दोघंही दारातच उभी होती. जेवण संपलं. मावशींनी नाहीही म्हटलं नाही. मिलिंदने स्वतःचं ताट घासलं, मग आईचं, मग माझं. मावशींनी तीन वेळा आभार मानले.

रात्री पाऊस पडून गोठला. शनिवारी सकाळी उठलो तर झाडं, तारा, गाड्या, सगळ्यांवर काच चढलेली. असल्या दिवशी इथली माणसं ड्राइव्ह-वेवर मीठ टाकतात आणि गप्प घरात बसतात. मी चहा घेऊन खिडकीशी उभा होतो. मावशींचं दार उघडलं आणि मिलिंद बाहेर आला. अंगात कॅलिफोर्नियाचं पातळ जाकीट, पायात कापडी बूट, आणि हातात मावशींचं सगळ्यांत मोठं पातेलं. पातेल्यातून वाफा येत होत्या.

मला कळलं तो काय करणार आहे. मी खिडकीवर हात आपटला. त्याने माझ्याकडे बघून हसत मान डोलावली, गुड मॉर्निंग म्हणतात तशी, आणि उकळतं पाणी ड्राइव्ह-वेवर ओतलं.

वाफेचा मोठा ढग उठला. मिलिंद समाधानाने आत गेला, दुसरं पातेलं घेऊन आला. मधल्या वेळात पहिलं पाणी गोठून आरशासारखं झालं होतं. मी बूट चढवून, मिठाची पिशवी घेऊन बाहेर पळेपर्यंत त्याने त्या आरशावर पाय ठेवला होता. पाय पुढे गेले, पातेलं वर गेलं, पाणी बाजूच्या झुडपावर सांडलं, आणि मिलिंद बसल्या बसल्या, अगदी सावकाश, रस्त्यापर्यंत घसरत गेला. पातेलं ठणठण करत त्याच्या मागोमाग आलं.

दारात मावशी होत्या. आदल्या वर्षी त्यांचं मनगट जिथे मोडलं तिथूनच पोरगा घसरत गेलेला त्यांनी पाहिला होता.

"अरे बह्याडा!" त्या कडाडल्या. "उकळतं पाणी ओततात का रे बर्फावर! मिशिगनात वाढलास ना? डोकं आहे का धोपटणं? हात मोडला का? पाय हलव बघू! असा काय बघतोस बह्याडासारखा!"

मग त्यांना आपण काय बोललो ते ऐकू आलं असावं. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"आय ॲम सॉरी," त्या म्हणाल्या. "मिलिंद, आय ॲम सो सॉरी."

मिलिंद रस्त्याच्या कडेला पाय पसरून बसला होता. मी त्याच्याजवळ पोचलो होतो. लागलं असेल म्हणून त्याचा हात धरला, तर त्याने तो हलकेच सोडवून घेतला. तो आईकडे बघत होता.

"आई," तो मराठीत म्हणाला, "परत म्हण ना."

मावशींचा हात तोंडावरून खाली आला.

"मी टीचरला सांगितलं ना," तो म्हणाला. शब्द शोधत होता, सापडत नव्हते. मग इंग्रजीत वळला. "आय टोल्ड हर, अँड देन यू नेव्हर सेड इट अगेन. आय थॉट दॅट वॉज माय पनिशमेंट."

मावशींना खाली त्याच्यापर्यंत येता येत नव्हतं, मध्ये सगळा बर्फ होता. त्याला उठून वर जाता येत नव्हतं. कठडा घट्ट धरून त्या पायरीच्या टोकाशी आल्या.

"तू सहा वर्षांचा होतास रे," त्या म्हणाल्या. "तुला कोण शिक्षा करेल, बह्याडा?"

पन्नास वर्षांचा तो माणूस बर्फात बसून रडायला लागला. रडता रडता हसायला लागला, कारण त्याची पँट रस्त्याला चिकटत चालली होती आणि हे त्याने आईला सांगितलं, आणि त्यावर आईने त्याला आणखी दोन-चार गोष्टी ऐकवल्या, सगळ्या मराठीत. मी त्या दोघांच्या मध्ये, रांगोळी घालावी तसं, चिमटीचिमटीने मीठ टाकत वर जात होतो. अशा वेळी काय करायचं असतं हे मला माहीत नव्हतं, पण मीठ टाकायचं होतं, तेवढं मी नीट केलं.

रविवारी मिलिंदने विमान कॅन्सल केलं आणि आणखी आठवडाभर राहिला. एप्रिलमध्ये ट्युलिप वर आले तेव्हा मावशी निघाल्या. विमानतळावर व्हीलचेअरमध्ये बसायला त्या तयार नव्हत्या, मिलिंद बस म्हणत होता, आणि दोघांचा आवाज इतका चढला की सिक्युरिटीचा माणूस जवळ येऊन उभा राहिला. मावशींनी त्याला गोड हसून सांगितलं, "ही इज माय सन." मग वळून मला म्हणाल्या, "जाते रे. जेवत जा." मला त्या दिवशी त्यांनी एकही शिवी दिली नाही. ओठांवर आली होती, ते दिसत होतं.

शेजारचं घर मे महिन्यात विकलं गेलं. तिथे आता एक तरुण जोडपं राहतं, चांगली माणसं आहेत, हात हलवतात.

रविवारी सकाळी मावशींचा फोन येतो. थोडं बोलणं होतं, मग मागून मिलिंद काहीतरी विचारतो, डाळ किती शिजवायची, झाकण कुठे गेलं, त्याच्या त्या लहान मुलाच्या मराठीत, आणि मावशी त्याच्यावर ओरडायला लागतात. फोन हातात आहे हे विसरतात. मी फोन ठेवत नाही, ऐकत बसतो. माझ्या घरात आता मराठी ऐकू येतं ते तेवढंच.